बारोलो कधी उघडावी? तुरट लाल वाइन मुरवण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इटलीतल्या आल्बाहून येताना तुम्ही नवरा-बायकोने तिथल्या 2019च्या बारोलो या लाल वाइनच्या चार बाटल्या आणल्या, चारही सेर्रालुंगा गावच्या एकाच वायनरीच्या. पुण्यात मित्रमंडळींसमोर एक उघडली. रंग इतका फिका, की सगळ्यांना वाटलं हलकीफुलकी वाइन असणार. घोट घेतला तर तोंड आक्रसलं, पनीर टिक्क्याची चवही कळेना, आणि निम्मी बाटली तशीच राहिली. तिकडचा दुकानदार म्हणाला होता, ‘दहा वर्षं थांबा.’ आता तुम्ही विचारताय की थांबून खरंच काही होतं, की हे नुसतं विकणाऱ्याचं बोलणं. पुण्याच्या उन्हाळ्यात बाटल्या टिकतील का. आणि डिकँटरने, म्हणजे वाइन आधी ओतून हवेला ठेवायच्या काचेच्या सुरईने, काम भागत असेल तर एवढी वाट पाहायची कशाला.

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं नंतर. उरलेल्या तीन बाटल्या ठेवण्याच्या लायकीच्या आहेत. पहिली 2030च्या आधी उघडू नका. पण हे सगळं ‘थंड जागा असेल तर’ या अटीवर. बाटल्या फ्लॅटमधल्या कपाटातच राहणार असतील तर वर्षं मोजू नका, येत्या हिवाळ्यात तिन्ही नीट जेवणाबरोबर पिऊन टाका. कपाटात दहा वर्षं ठेवलेली बारोलो आजच्यापेक्षा वाईट लागेल.

तोंड आक्रसवणारा जो तुरट पदार्थ, ते टॅनिन. ते द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि घडाच्या देठांत असतं. लाल वाइन सालींसकट आंबवतात म्हणून ते वाइनमध्ये उतरतं. पांढऱ्या वाइनचा रस आधीच वेगळा काढतात म्हणून तिच्यात ते फारसं नसतं. आपल्या लाळेतली प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन नेमकं या प्रथिनांना धरतं आणि त्यांच्या गुठळ्या करतं. तोंडातलं वंगण गेलं की जीभ, गाल, हिरड्या एकमेकांवर घासायला लागतात. तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचा प्रकार आहे, तो असा. कोऱ्या चहात दूध घातलं की तो मऊ लागतो त्याचंही कारण हेच: दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला आधीच अडकवतात आणि तुमच्या लाळेच्या वाट्याला ते कमी येतं. जेवणाचा विषय निघेल तेव्हा हे पुन्हा लागणार आहे.

आता बाटलीत काय होतं. बरीच वर्षं असं शिकवलं जायचं की टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब होतात, जड होतात, तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. जुन्या बाटलीतला साका पाहिला की हे पटतंही. पण ही निम्मी गोष्ट आहे. वाइन आम्लधर्मी असते, आणि आम्लात टॅनिनच्या साखळ्या जुळतात तशा तुटतातही. तुटलेले तुकडे पुन्हा जुळतात, काही रंगद्रव्यांना चिकटतात, बुचातून येणाऱ्या अगदी थोड्या ऑक्सिजनमुळे काहींची घडणच बदलते. या सगळ्या उलाढालीतून जे टॅनिन उरतं ते लाळेतल्या प्रथिनांना पूर्वीइतकं घट्ट धरू शकत नाही. म्हणजे जुन्या वाइनमध्ये टॅनिन संपलेलं नसतं. बरंचसं तिथेच असतं, पण त्याची पकड सैल झालेली असते. तुमच्या बारोलोकडून 2035 साली मेर्लोसारख्या मऊ द्राक्षाच्या वाइनची मखमल मागितलीत तर निराश व्हाल. बारोलो ज्या द्राक्षाची करतात ती नेब्बिओलो म्हातारपणीही थोडी करकरीतच राहते, आणि माझ्या मते त्यातच तिची शान आहे.

याच काळात वाइनमधलं फळही ओसरत असतं, हे लोक विसरतात. चेरी, रास्पबेरी, गुलाब हे जे तरुण वाइनमध्ये असतं ते दर वर्षी थोडं थोडं मावळतं. त्याच्या जागी सुकलेली पानं, चामडं, तंबाखू, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल, आणि नशीब चांगलं असेल तर आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा, वास येतो. टॅनिन सैल होणं आणि फळ ओसरणं एकाच वेळी चालू असतं. फळ संपायच्या आत टॅनिन सैल झालं तर वाट पाहणं कारणी लागलं. उलटं झालं तर हातात उरतो नुसता तुरटपणा आणि आंबटपणा. ‘टॅनिन भरपूर आहे, म्हणजे वाइन टिकणार’ हा हिशेब म्हणूनच अपुरा आहे. टॅनिनच्या मागे काय आहे ते पाहावं लागतं.

फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या वाइनमध्ये याची दोन्ही टोकं पाहायला मिळतात. 1870ची शातो लाफीत तरुणपणी इतकी कडक होती की ती विकत घेणाऱ्यांना पिताच आली नाही. तिच्या मॅग्नम, म्हणजे दुप्पट मोठ्या, बाटल्या स्कॉटलंडमधल्या ग्लॅमिस किल्ल्याच्या थंड तळघरात पिढ्यानपिढ्या पडून राहिल्या आणि 1971 साली क्रिस्टीज या लिलावसंस्थेने त्यांचा लिलाव केला तेव्हा त्यांची कीर्ती पसरली, कारण शंभर वर्षांनंतरही त्या जिवंत होत्या. 1928च्या शातो लातूरचंही तसंच, ती खुलायला अर्धं शतक लागलं. आता 1975 पाहा. त्या वर्षीच्या बोर्डो वाइनमध्ये टॅनिन जबरदस्त होतं, लोकांनी मोठ्या आशेने पेट्या राखून ठेवल्या. थोड्या चांगल्या निघाल्या. बऱ्याच वाइनमध्ये फळ सुकून गेलं आणि टॅनिन जागचं हललं नाही. थांबणाऱ्याला फळ मिळतंच असं नाही, हे बोर्डोवाल्यांनी त्या वर्षी चांगलंच अनुभवलं.

तुमच्या बाटलीत नेब्बिओलो आहे आणि ही जात जरा फसवी. तिच्या सालीत रंगद्रव्यं मुळात कमी, त्यातही जी आहेत ती टिकाऊ प्रकारची नाहीत, म्हणून वाइन फिकी दिसते आणि काही वर्षांतच कडेला विटकरी झाक धरते. पाहुणे रंगावरून फसले यात त्यांची चूक नाही. पण टॅनिन भरपूर, आम्ल भरपूर, आणि अल्कोहोल सहसा 14 टक्क्यांच्या आसपास. पिएमोंते प्रांतातल्या लांगेच्या टेकड्यांवर ती सगळ्यात उशिरा पिकते, तोडणी बहुतेक ऑक्टोबरात. उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाचा फायदा असा की चांगल्या वर्षी सालीचं आणि बियांचं टॅनिन पूर्ण पिकतं आणि तरी आम्ल टिकून राहतं. वाइन मुरायला ही दोन्ही लागतात.

सेर्रालुंगाची निवड मात्र तुम्ही नकळत अवघड केलीत. बारोलोचा पट्टा अकरा गावांचा, त्यातली मोठी नावं बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, मोन्फोर्ते आणि सेर्रालुंगा. ढोबळमानाने पश्चिमेच्या ला मोर्रा आणि बारोलो गावाकडे निळसर चुनखडी-चिकणमाती जास्त, तिथली वाइन सुगंधी आणि लवकर खुलणारी. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेच्या जमिनी जास्त जुन्या, वाळूखडकाच्या थरांच्या. तिथली वाइन तरुणपणी सगळ्यात कठोर. हे नियम नव्हेत, डोंगराचा उतार आणि करणाऱ्याचा हात सगळं पालटू शकतो. तरी डोळे बांधून मला दोन पेले दिले आणि एकाने तोंड जास्त आवळलं, तर मी सेर्रालुंगाच म्हणेन.

त्यात वर्ष 2019. गेल्या काही वर्षांत 2010, 2013, 2016 आणि 2019 ही सगळी उभ्या बांध्याची, टॅनिन आणि आम्ल दोन्ही ठासून असलेली वर्षं. 2011, 2015 आणि 2017 उष्ण. 2018 त्या मानाने हलकं आणि लवकर पिण्याजोगं. त्याच वायनरीची 2018 तुम्ही उघडली असती तर बहुधा हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. वर्षांचे तक्ते मी मात्र जपूनच वापरतो. 2002 साली पाऊस आणि गारपिटीने बारोलोची वाट लागली, अनेकांनी त्या वर्षी बारोलो केलीच नाही. तरी जाकोमो कोन्तेर्नो यांच्या वायनरीने त्याच वर्षी मोन्फोर्तीनो ही आपली नावाजलेली बारोलो बाटलीबंद केली आणि तिचं नाव आजही आदराने घेतलं जातं.

कायद्याने बारोलोला तोडणीच्या वर्षातल्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने थांबावं लागतं, त्यातले किमान 18 लाकडात. रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली बारोलो, असेल तर 62 महिने. म्हणजे तुमची वाइन 2023च्या आधी बाजारात येऊच शकत नव्हती. ‘कायद्याने एवढं थांबवलंय म्हणजे आता पिण्याजोगी झाली असेल’ असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. तो कमीत कमी काळ आहे, आणि तो प्यायला तयार होण्याचा नाही, विक्रीला येण्याचा आहे.

ती कशी केली यावरही बरंच अवलंबून. जुनी पद्धत म्हणजे साली रसात महिना-दोन महिने बुडवून ठेवायच्या आणि मग वाइन वर्षानुवर्षं बोत्ती नावाच्या प्रचंड जुन्या पिंपांत ठेवायची. एके काळी काही ठिकाणी ती त्या पिंपांत इतकी राहायची की बाटलीत यायच्या आधीच फळ गेलेलं असायचं. 1980च्या दशकात तरुणांनी याविरुद्ध बंड केलं. एलियो आल्तारे यांनी 1983 साली वडिलांची जुनी पिंपं आरीने कापली. वडिलांनी त्यांना वारसा नाकारला. या मंडळींनी साली रसात फक्त काही दिवस ठेवल्या आणि वाइन छोट्या नव्या फ्रेंच ओक पिंपांत, म्हणजे बॅरिकमध्ये घातली. थोडे दिवस साली ठेवल्याने बियांमधलं टॅनिन कमी उतरतं, कारण ते अल्कोहोल वाढल्यावरच नीट सुटतं. पण नव्या ओकचं स्वतःचं टॅनिन आणि व्हॅनिलाचा वास वर येऊन बसतो. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांनी बाटलीच्या लेबलवरच लिहिलं, ‘नो बॅरिक, नो बेर्लुस्कोनी’ (बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतले राजकारणी). हे भांडण आता बरंच निवलंय, बहुतेक जण मधे कुठेतरी आहेत. तुमच्या वायनरीच्या माहितीपत्रकात सालींचा काळ पाहा. 30 दिवसांहून जास्त आणि मोठी पिंपं असं असेल तर माझ्या सांगितलेल्या वर्षांत दोन-तीन वर्षं वाढवा.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मादिराँ नावाचा भाग आहे, तिथली ताना ही द्राक्षाची जात टॅनिनच्या बाबतीत नेब्बिओलोलाही मागे टाकेल. तिथल्या पात्रिक दुकुर्नो यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वाट पाहण्याला पर्याय काढला: टाकीतल्या वाइनमधून ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे महिनोन्‌महिने सोडायचे, म्हणजे पिंपात जे हळूहळू होतं ते टाकीत होतं. पद्धत जगभर पसरली. टॅनिनला आवर घालता येतो हे त्यातून सिद्ध झालं. पण जुन्या बाटलीतला वास त्या टाकीत तयार होत नाही, म्हणून बारोलोसारख्या वाइनला वेळेशिवाय गत्यंतर नाही असं माझं मत आहे. काही मित्र याला हट्ट म्हणतात.

तुमच्या उघडलेल्या बाटलीवरून पुष्कळ शिकता आलं असतं. पुढच्या वेळी करा. घोट गिळल्यावर तुरटपणाकडे दुर्लक्ष करून अर्धा मिनिट थांबा. तोंड कोरडं पडलेलं असतानाही त्याच्यामागून फळाची, फुलाची चव परत येते का? येत असेल तर वाइनमध्ये साठा आहे. नुसता कोरडेपणा उरत असेल तर ती वाइन आज पिऊन टाकलेली बरी. दुसरं, तुरटपणा कुठे लागतो ते पाहा. हिरड्यांवर, गालांच्या आत सगळीकडे सारखा पसरत असेल तर टॅनिन पिकलेलं आहे. जिभेच्या मागे कडवट, हिरव्या देठांसारखा वास, ओल्या शेंगांसारखी चव असं असेल तर बिया किंवा देठ कच्चे होते. कच्चं टॅनिन वीस वर्षांनीही कच्चंच राहतं, वेळेचा त्याच्यावर काही इलाज चालत नाही. आणि तिसरं, निम्मी उरलेली बाटली ओतून देऊ नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. दुसऱ्या दिवशी वास खुलला आणि चव भरली तर पुढची दहा वर्षं तिच्यावर सोपवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशीच ती मेलेली वाटली तर उरलेल्या लवकर संपवा. याचं कुठलंही गणित नाही, एक दिवस म्हणजे इतकी वर्षं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आणखी एक विचित्र गोष्ट. बारोलो बाजारात आल्यावर पहिलं वर्षभर फळाच्या जोरावर बोलते, मग काही वर्षं गप्प होते: वास नाही, फळ नाही, नुसतं टॅनिन. मग कधीतरी पुन्हा उघडते. हे नक्की का होतं याचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही, पण हे होतं हे इतक्या बाटल्यांत पाहिलंय की शंका उरलेली नाही. तुमची बाटली बहुतेक याच काळात उघडली गेली.

आता पुण्याकडे येऊ. बाटल्यांसाठी 12 ते 14 अंश सेल्सिअस चांगले, आणि ते बारा महिने सारखे असलेले त्याहून चांगले. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर 38-40 अंश असताना बंद फ्लॅटच्या आतही सहज 30च्या वर जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. यावरून कोणी म्हणेल, मग बरंच झालं, दहा वर्षांचं काम चार वर्षांत होईल. तसं होत नाही, कारण सगळ्या क्रियांचा वेग सारखा वाढत नाही. उष्णतेत फळ आधी जातं, शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो, रंग तपकिरी होतो, आणि टॅनिन त्या मानाने पुष्कळसं तिथेच राहतं. मी मुंबईत एका हॉटेलचं वाइनचं तळघर सांभाळायचो तेव्हा एका पाहुण्यांनी घरच्या शोकेसमध्ये बरीच वर्षं ठेवलेली बारोलो मोठ्या हौसेने आणली होती. तिच्यात हेच सगळं होतं. आमच्या तळघरातली तिच्याच वर्षाची बाटली शेजारी उघडली तेव्हा तिच्यात अजून गुलाबाचा वास होता. शिवाय 30 अंशांच्या वर वाइन फुगते, बूच वर ढकललं जातं, बुचाच्या कडेने चिकट ओघळ दिसतात. असा ओघळ दिसला की ती बाटली थांबायची नाही.

वाइन कूलर घेणार असाल तर कॉम्प्रेसरचा घ्या. स्वस्त छोटे कूलर पेल्टिअर पद्धतीचे, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय चालणारे, असतात. ते खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली आणू शकतात, आणि नेमके मे महिन्यात, गरज सगळ्यात जास्त असताना, हात टेकतात. याहून स्वस्त आणि मला जास्त आवडणारा मार्ग म्हणजे जुना चालू फ्रिज आणि बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक. फ्रिजचा प्लग त्या नियंत्रकात लावायचा, त्याचा सेन्सर आत बाटल्यांच्या मधे ठेवायचा आणि 14 अंश लावून द्यायचे. घरी बीअर बनवणारे लोक हेच करतात. आत पाण्याची उघडी वाटी ठेवा म्हणजे हवा फार कोरडी पडून बूच सुकणार नाही. बाटल्या आडव्या. वीज दोन-चार तास गेली तर घाबरू नका, भरलेल्या फ्रिजमधल्या बाटल्या इतक्या पटकन तापत नाहीत. दार मात्र उघडू नका.

रोजच्या वापराच्या फ्रिजमध्ये 4-5 अंशांवर वाइन खराब होत नाही, फक्त जवळपास झोपी जाते. उन्हाळ्याचे चार महिने तिथे आणि बाकी वेळ घरातल्या सगळ्यात थंड आतल्या भिंतीला लागून थर्माकोलच्या पेटीत, ही तडजोड तीन-चार वर्षांपुरती चालते. दहासाठी नाही. माळ्यावर कधीच ठेवू नका, स्लॅबखाली सगळ्यात जास्त उष्णता असते. स्वयंपाकघरही नको. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते. त्याने वाइनला काही होत नाही, बाटल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या की झालं. कोणाच्या वाड्याला खरंच थंड तळघर असेल तर वर्षभर तिथे थर्मामीटर ठेवून पाहा, मग ठरवा. आणलेल्या बाटल्यांत एक गोष्ट तुम्ही बरी केलीत, सगळ्या एकाच वाइनच्या आणल्यात. आयात वाइनवर इथे इतकी वर्षं 150 टक्के सीमाशुल्क राहिल्यामुळे आपल्याकडे लोक महागडी एक-एक बाटली घेतात आणि ती कधी उघडायची या धाकातच ती म्हातारी होते. तीन असल्या की एक चाखून बाकीच्यांचं ठरवता येतं.

डिकँटरने काय होतं? टॅनिनचं फारसं काही होत नाही. काही तासांच्या हवेने ते मोडत नाही. पण बंद बाटलीत साचलेला गंधकाचा वास निघून जातो, फळ आणि फूल वर येतं, आणि त्यामुळे तुरटपणा तेवढा टोचत नाही. तरुण बारोलोला तीन-चार तास द्या, त्याहूनही जास्त चालतील. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीला मात्र इतकी हवा जड जाते. तिला फक्त साक्यापासून वेगळं करायचं असतं, तेही जेवायला बसायच्या थोडं आधी.

तुम्ही ओझरता विचारलंय म्हणून नाशिकबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत प्यायच्या म्हणूनच केलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात आणि ती पिकतात तेव्हा दिवस तापत चाललेले असतात, थंड होत नाहीत. पिएमोंतेच्या अगदी उलट. ठेवून पाहायची असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते घ्या. ती काबेर्ने सोव्हिन्यों आणि सांजोवेसेची आहे, टॅनिन चांगलं आहे, आणि पाच-सहा वर्षं थंड ठेवलेली मला ताज्यापेक्षा जास्त आवडली. पण दुकानात उभी, ट्यूबलाइटखाली, एसीशिवाय उन्हाळा काढलेली बाटली ठेवण्यात अर्थ नाही. थेट वायनरीतून घ्या.

तर तुमच्या तीन बाटल्यांपैकी पहिली 2030च्या हिवाळ्यात. ती आवडली, पण अजून घट्ट वाटली तर दुसरी 2034ला. तिसरीचं वर्ष दुसरी ठरवेल. चांगली थंडी सांभाळलीत तर 2038ही लांब नाही. उघडायच्या दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा म्हणजे साका तळाशी बसेल. प्यायची 17-18 अंशांवर. पुण्याच्या खोलीतलं तापमान त्यासाठी जास्तच आहे, वाढायच्या अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. फार थंड केलीत तर टॅनिन उलट जास्त बोचेल.

आणि पनीर टिक्का नको. पनीरची अडचण नाही, मसाल्याची आहे. मिरचीने तोंड आधीच पेटलेलं असतं, त्यावर टॅनिन आणि अल्कोहोल आले की दोन्ही दुप्पट वाटतात. तांबडा रस्साही त्यासाठीच बाजूला ठेवा. चहातल्या दुधासारखं इथे प्रथिन आणि चरबी हवी: मंद शिजवलेलं चरबीचं मटण, अळणीच, म्हणजे तिखटाशिवाय, हळद-मीठ-आलं-लसूण एवढ्यावर, नळ्या असतील तर फारच छान. शाकाहारी पंगत असेल तर जुनं कडक चीज, लोण्यात परतलेले मशरूम, तुपातला साधा पुलाव. त्याच्याबरोबर घोट घेतलात तर तुम्हाला मागच्या वेळी टोचलेला तुरटपणाच तोंड धुऊन पुढच्या घासाला जागा करून देईल. तरी अर्धी उरलीच तर 2030ची बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी बहुतेक आणखी बरी लागेल. 2038ची लागणार नाही, ती त्याच रात्री संपवा.